सत्तावीस नंबरचा सांधा

४ जानेवारी, रविवार

"माझा सांधा मी गेल्यावर सुटेल, त्याआधी नाही."

बाबा हे बोलले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. लोखंडी पाइप जोडून त्यांनी मला झोका करून दिला होता आणि आई त्याच्याजवळ उभी राहून, पडेल हो ती, पडेल, असा एकच धोशा लावून होती. बाबांनी तिच्याकडे बघितलंही नाही. वेल्डिंगची काळी काच कपाळावर सरकवून, सांध्याकडे बघत त्यांनी ते वाक्य टाकलं आणि मला उचलून झोक्यावर बसवलं. आईने डोळे मिटून घेतले. तो झोका पंधरा वर्षं टिकला. घर बदलताना शेवटी कापून काढावा लागला.

आज ते आठवायचं कारण पक्कड. पक्कड म्हणजे माझी लेक. तान्ही असताना बोट धरलं की सोडायची नाही म्हणून बाबांनी ठेवलेलं नाव. आता बावीस वर्षांची आहे आणि मार्चपासून चार तासांवरच्या गावी कामाला जाणार आहे, दातांच्या कवळ्या बनवायच्या कामावर. आज जेवताना म्हणाली, "आजोबा, मला गाडी करून द्या. तुमची ती जुनी, ताडपत्रीखालची."

बाबांचा हात ताटावरच थांबला. जुन्या मोटारसायकली खोलून, दोन-तिनांची एक करून चालती करायची ही त्यांची निवृत्तीनंतरची हौस. अशा चार गाड्या त्यांनी उभ्या केल्या. पण तीन वर्षांपूर्वी आई गेली आणि शेडच्या कुलपाला गंज चढला.

"तिचा मागचा सांगाडा धड नाही," बाबा म्हणाले.

"म्हणून तर तुम्हाला सांगतेय. धड असती तर कोणालाही दिली असती."

बाबा हसले. कितीतरी दिवसांनी. मी मोठ्या रस्त्यावरचे ट्रक, ओला रस्ता, खड्डे असं एकेक काढायला लागले तशी पक्कड म्हणाली, "आई, तुझ्या भीत्या रोज मला ऐकवू नकोस. एक वही कर आणि त्यात लिही."

ही ती वही.

११ जानेवारी

शेड उघडलं. आठवडाभरात ताडपत्रीखालच्या गाडीचा एकूण एक भाग सुटा झाला. इंजिन आणि चाकं घ्यायला आणखी एक म्हातारी गाडी आणली आहे. ती वीस वर्षं घरोघर वर्तमानपत्रं टाकत हिंडली.

मी संध्याकाळी शिवणाचं काम आवरून मदतीला जाते. माझं काम सोफ्यांची, खुर्च्यांची, गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायचं. या गाडीची सीटही मीच शिवणार. बाबा म्हणाले, "सुई, तुझं काम शेवटी. तोवर नट पूस." सुई म्हणजे मी.

एक गंमत. पूर्वी बाबा दोनशे नट एका घमेल्यात टाकायचे आणि कुठला कुठे जातो ते त्यांना नुसतं बोटांनी कळायचं. आता प्रत्येक तुकड्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधतात. "पुढचा ब्रेक, डावा." "हा आधी, मग वॉशर." मी म्हटलं, "बाबा, वयाबरोबर शिस्त वाढली तुमची." ते म्हणाले, "असू दे गं. बरी असते." काल स्वयंपाकघरात चहाच्या डब्यावरही चिठ्ठी दिसली: चहा. पक्कडने लगेच साखरेच्या डब्यावर चिकटवलं: चहा नाही. आम्ही दोघी पोट धरून हसलो.

भीत्या, आजच्या तारखेला: ब्रेक. चाकाचे आरे. पुढून येणारी माणसं.

१८ जानेवारी

मागचा सांगाडा कापला. सीटखालून मागे जाणारे दोन पाइप गंजून पापडासारखे झाले होते. ते उडवून त्यांच्या जागी घोड्याच्या नालेसारखा वाकवलेला एकच नवा पाइप येणार. डावीकडे एक सांधा, उजवीकडे एक. त्याच्यावर सीट आणि सीटवर माझी लेक. ग्राइंडरच्या ठिणग्या भिंतीपर्यंत उडत होत्या. मी दाराबाहेर उभी राहिले.

कापून झाल्यावर बाबांनी पत्र्याच्या डबीतून लोखंडावर आकडे ठोकायचे पंच काढून दाखवले, एक दोनचा आणि एक सातचा. त्यांच्या बॉयलरच्या कारखान्यात प्रत्येक वेल्डरला नंबर असे. सांधा पूर्ण भरला, थंड झाला, तपासला, की मगच शेजारी आपला नंबर ठोकायचा. उद्या काही फुटलं तर कोणाच्या दारात जायचं ते कळावं म्हणून. बाबांचा नंबर सत्तावीस. माझ्या शिलाई मशीनच्या पायावर आहे, खिडकीच्या गजांवर आहे, झोक्यावरही होता. "छत्तीस वर्षांत एकदाही माझ्या दारात कोणी आलं नाही," बाबा म्हणाले. परवाही त्यांनी हीच गोष्ट सांगितली होती, याच शब्दांत. मला ती कितीही वेळा ऐकायला आवडते.

लहानपणी मी एकदा होल्डर मागितला होता. वेल्डिंगची कांडी ज्यात धरतात तो. बाबांनी माझी बोटं उलटसुलट करून बघितली आणि म्हणाले, "हे हात सुईचे आहेत." नाव तेव्हापासूनचं. तेव्हा मला वाईट वाटलं होतं की बरं वाटलं होतं, ते आता आठवत नाही.

२७ जानेवारी

आज सांध्यांचा दिवस. नेमकं आजच मला एका दवाखान्याच्या खुर्च्यांची कव्हरं पोचवायला जावं लागलं. जाताना बाबा पाइपच्या आत बसेल असा दुसरा छोटा पाइप कापत होते. "बाहेरून कोणाला दिसणार नाही," म्हणाले, "पण आतून आधार हवा."

परत आले तर शेड बंद आणि बाबा खुर्चीत.

"झालं?"

"टाके झाले."

"दोन्हीकडचे?"

"दोन्हीकडचे. उद्या बघू."

मनावरचं केवढं ओझं उतरलं. बाकी सगळ्याची मला भीती वाटते, पण बाबांच्या सांध्याची नाही. टाके झाले.

३० जानेवारी

बाबा दोन दिवस मागचं चाक आणि चेन घेऊन बसले होते, म्हणून मी सांगाडा रंगासाठी तयार करायला घेतला. सांध्यांवर वेल्डिंगच्या गाठी होत्या, शर्टाच्या गुंड्यांसारख्या, तीन इकडे, तीन तिकडे. मी गाठी घासल्या, मधे पुट्टी भरली, सुकू दिली, पुन्हा घासली. शेवटी डोळे मिटून बोट फिरवलं तर जुना पाइप कुठे संपतो आणि नवा कुठे सुरू होतो ते कळेना. माझ्या धंद्यात दिसणारी शिवण म्हणजे वाईट शिवण. स्वतःवरच खूश झाले.

पुट्टीखाली सत्तावीस बुजू नये म्हणून आधी तो शोधला होता. सापडला नाही. खालच्या अंगाला ठोकला असेल. एवढा जड सांगाडा उलटा कोण करणार.

१३ फेब्रुवारी

गाडी सुरू झाली.

गडद हिरवा रंग, पक्कडने निवडलेला. काळी सीट, तिच्यावर मी आडव्या शिवणी घातल्यात. हँडल खाली, मागे काही म्हणजे काही नाही, एक छोटा दिवा. बाबांनी लाथ मारली, एकदा, दोनदा, सातव्यांदा तिने खोकून आवाज धरला. शेडचा पत्रा थरथरला. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले, धूर आहे.

पक्कड हेल्मेट घालून चौकापर्यंत गेली. मी आकडे मोजायला लागले. दोनशे चाळीसपर्यंत आले तोवर बाबा माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

"हेल्मेट कोणाचं घातलंय तिने? तुझ्या आईचं?"

आई जन्मात कधी मोटारसायकलवर बसली नाही. मी हसले. "काहीतरीच काय, बाबा."

ते हसले नाहीत. रस्त्याच्या वळणाकडे बघत राहिले. तीनशे दहाला पक्कड परत आली.

१ मार्च, रविवार

गेली. पाठीवर पिशवी, सीटला मागे दुसरी बांधलेली. बाबांनी तिला सांगितलं, "माझी कवळी तुझ्या हातची घालणार आहे. तोवर दात जपून ठेवतो." ती म्हणाली, "उरलेत किती ते आधी मोजा."

चार तासांत मी तीन उशा शिवल्या आणि तिन्हींची शिवण उसवली. पोचल्याचा फोन आला तेव्हा हातातली कात्री कुठेतरी ठेवली ती संध्याकाळपर्यंत सापडली नाही.

५ मार्च

पक्कडचा फोन. काम आवडलंय, खोली बरी आहे, खोलीवरची दुसरी मुलगी घोरते. मग सहज म्हणाली, "आई, सीट कुरकुरते गं."

"कुरकुरते म्हणजे?"

"खड्ड्यात गेलं की कुईं करते. आणि सीटखाली रंगाला एक रेघ पडलीय, केसासारखी."

मला इतकी लाज वाटली. रेघ म्हणजे माझी पुट्टी नीट वाळली नव्हती आणि कुरकुर म्हणजे मी रेक्झिन जास्त ताणलं. तिला सांगितलं, घरी येशील तेव्हा पावडर टाकून देते. एकवीसला येते म्हणाली.

१४ मार्च

काही विशेष नाही. बाबा माझ्यासाठी कापडाचे गठ्ठे ठेवायला लोखंडी स्टँड करताहेत. त्यांना काम हवंच. आज दुपारी त्यांना कोपऱ्यावरच्या दुकानातून यायला पाऊण तास लागला. विचारलं तर म्हणाले, लांबून आलो, पाय मोकळे केले. चांगलंच आहे, डॉक्टर चालायला सांगतातच.

२१ मार्च, शनिवार, सकाळचे पावणेअकरा

हाताला काहीतरी हवं म्हणून वही घेतली आहे.

मघाशी बाबा म्हणाले, स्टँडचे टाके झाले, घेऊन जा. मी स्टँड उचलला आणि त्याचा एक पाय माझ्या हातात आला. उरलेला स्टँड जमिनीवर पडला. तुटलेल्या जागी बघितलं तर मधे सगळी फट, कडेला फक्त तीन गाठी. गुंड्यांसारख्या.

"बाबा, हा पाय सुटला."

"सुटणारच. नुसते टाके आहेत."

"नुसते म्हणजे?"

"अगं, टाका म्हणजे हलू नये म्हणून जागच्या जागी धरून ठेवायचं. तू कपडा शिवायच्या आधी धावदोरा घालतेस ना, तसं. मग सबंध सांधा भरायचा."

"मग भरला का नाही?"

"भरला की."

"कधी, बाबा?"

त्यांनी आपल्या हातांकडे बघितलं. तळवे वर केले, पुन्हा खाली केले.

इतकी वर्षं एका घरात राहून मला हे माहीत नव्हतं. माझा टाका म्हणजे काम संपलं. त्यांचा टाका म्हणजे काम सुरू झालं.

पक्कड आठ वाजता तिकडून निघाली आहे.

अकरा दहा

फोन वाजतो, उचलत नाही. गाडीवर असताना ती उचलत नाही. तसं मीच तिच्याकडून कबूल करून घेतलं आहे.

अकरा पस्तीस

सहा गाठी. त्यांतल्याही मी घासून अर्ध्या केल्या. पुट्टी मी भरली. डोळे मिटून बोट फिरवलं आणि खूश झाले.

बाबा दारात येऊन विचारून गेले, "पक्कड कधी येतेय? तिला स्टँड दाखवू." मी म्हटलं, येईल.

बारा वाजून पाच मिनिटं

पाइपच्या आत पाइप घातलाय. आतून आधार. बाहेरून कोणाला दिसणार नाही. हे वाक्य मी धरून बसले आहे.

साडेबारा

फोन आला. तिचा. तिचाच आवाज.

"आई, एकोणीस मिस्ड कॉल? काय झालं, आजोबा बरे आहेत ना?"

"तू उतर आधी गाडीवरून."

"उतरलेच आहे. रबर जळल्यासारखा वास आला म्हणून थांबले. सीट खाली बसलीय, टायरला टेकलीय जवळजवळ. आई, त्या रेघेत आता बोट जातं."

"लागलं का तुला?"

"नाही गं. हळूच होते. वळणावर होते. ... आई? रडतेस का? मला काही झालं नाही."

मी तिला सांगितलं, गाडी ढकलायचीसुद्धा नाही, टेंपो करून ये. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन जमिनीवर बसले. समोर चहाचा डबा होता. चहा. शेजारी साखरेचा. चहा नाही.

२२ मार्च

काल तिन्हीसांजेला टेंपोतून दोघी उतरल्या, पक्कड आणि गाडी. पक्कडला मी इतका वेळ धरून ठेवलं की तीच म्हणाली, आता पक्कड कोण आहे.

आज सकाळी बाबांनी गाडी बघितली. सीट काढली, माझी पुट्टी खरवडली, चष्मा वर करून सांध्याशी नाक नेलं. मग अंगठा फिरवायला लागले, वरून, बाजूने, खालून. मला कळलं, ते सत्तावीस शोधताहेत.

"यावर माझा नंबर नाही," ते म्हणाले. "हे माझं काम नाही. कोणी केलं हे?"

पक्कडने तोंड उघडलं. मी तिचा हात दाबला.

"पुट्टी मी भरली, बाबा."

"टाक्यांवर पुट्टी?" त्यांचा आवाज असा चढलेला मी लहानपणीही ऐकला नव्हता. "शिवणकाम आहे का हे? पोर मेली असती. कोणाच्या दारात गेले असते लोक?"

"माझ्या," मी म्हटलं.

ते घरात निघून गेले. मला वाटलं, संपलं. दुपारी मी चहा घेऊन गेले तर बाबा खुर्चीच्या काठावर बसले होते, कुठेतरी जायला निघाल्यासारखे.

"सुई, तू रोज लिहितेस ना काहीतरी? त्या दिवशी काय झालं ते बघ."

मी वही आणली. सत्तावीस जानेवारीचं वाचून दाखवलं. टाके झाले. दोन्हीकडचे. उद्या बघू.

"उद्या बघू म्हणालो?"

"हो."

"मग उद्याचं वाच."

मी पान उलटलं. त्यानंतर थेट तीस तारीख आहे. अठ्ठावीसला काही घडलं नव्हतं, म्हणून मी काही लिहिलं नव्हतं.

"काय लिहिलंय?" बाबांनी विचारलं.

"काही नाही, बाबा."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. मग कप उचलला आणि म्हणाले, "चहा गार झाला." तो वाफाळत होता.

२९ मार्च

पक्कड बसने गेली. जाताना म्हणाली, "आई, आजोबांना डॉक्टरकडे ने. आणि नेहमीच्या नाही, मेंदूच्या."

मी म्हटलं, वय झालंय, विसरणारच.

"आई, तू ही वही पहिल्यापासून वाच एकदा."

वाचली. त्यात मी ट्रकना भ्याले, खड्ड्यांना भ्याले, ब्रेकना, आऱ्यांना. पानापानावर भीती आहे आणि एकही जागेवर नाही. जिथे भ्यायला हवं होतं तिथे मी हसले आहे.

बुधवारी डॉक्टरांकडे जायचं आहे.

१ एप्रिल

डॉक्टर बाई चांगल्या आहेत. त्यांनी बाबांना घड्याळ काढायला सांगितलं. बाबांनी वर्तुळ असं काढलं की कंपासनेही येणार नाही. मग सगळे आकडे उजव्या बाजूला एकावर एक लिहिले आणि माझ्याकडे बघितलं, नट पुसून झाले का असं विचारताना बघतात तसं.

घरी येताना रिक्षात म्हणाले, "बाईंचं टेबल बघितलंस? पायाला नुसते टाके आहेत."

५ एप्रिल

मी एक वाईट काम केलं आहे. वेल्डिंग मशीनची वायर काढून माझ्या कापडांच्या कपाटात लपवली. बाबा रोज शेडमध्ये जातात, गाडीसमोर काच लावून बसतात, मग मशीनच्या मागे बघतात. काल विचारलं, "वायर कुठे गेली?" मी म्हटलं, दुरुस्तीला दिलीय. आज पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. आपण काल विचारलं होतं हे ते विसरले, म्हणून माझं खोटं खपलं. त्यांच्या विसरण्याचा फायदा घेणारी पहिली मीच.

वायर दिली तर काय होईल याची भीती. नाही दिली तर ते त्या स्टुलावर बसून बसून काय होतील याची त्याहून जास्त.

१२ एप्रिल

आठवडाभर रोज सकाळी नऊ ते अकरा मी कोपऱ्यावरच्या गेटवाल्यांकडे जाते. ते लोखंडी गेट आणि जिने करतात. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं गेट करायचंय. मी म्हटलं, शिकायचंय. त्यांनी माझ्याकडे आणि माझ्या चष्म्याकडे बघितलं.

"ताई, गाडी इकडे पाठवा ना. तासाभरात भरून देतो."

"तपासायला आणेनच. तुम्ही तपासल्याशिवाय माझी मुलगी बसणार नाही. पण भरायचं मला आहे."

"का पण?"

मी पर्स खुंटीला अडकवली आणि पदर खोचला. त्यांनी भंगारातला पाइप पुढे टाकला.

पहिले तीन दिवस कांडी नुसती चिकटत होती. चौथ्या दिवशी पाइपला भोक पडलं. मग एकदा सहज वाटलं, हे शिलाई मशीनवर जाड कापड पुढे सरकवण्यासारखं आहे. ढकलायचं नाही, नुसतं सोबत जायचं. कापडाला जशी घाई चालत नाही तशी यालाही नाही. काच काढली तर रेघ बऱ्यापैकी सरळ होती, माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक बसलेली. गेटवाल्यांनी हातोडीने वरची काळी खपली उडवली, पाइप शिकंज्यात धरून पिळला, सांधा सुटला नाही.

"हात बसलाय तुमचा," ते म्हणाले. "घाबरत नाही तुम्ही."

आजवर मला असं कोणी म्हटलेलं नाही. घरी येईपर्यंत मी स्वतःशीच हसत होते. दारात आले तर बाबा विचारत होते, "वायर आली का गं दुरुस्त होऊन?"

१८ एप्रिल

आज बाबांचा दिवस चांगला होता. अशा दिवशी ते सगळे तिथे असतात. मी सीटची शिवण दुरुस्त करत होते, ते शेजारी येऊन बसले.

"सुई, तुझ्या बोटाला भाजलंय."

"इस्त्री लागली."

त्यांनी माझं बोट धरून उजेडाकडे नेलं. छत्तीस वर्षं असले डाग अंगावर घेतलेल्या माणसाला इस्त्रीचा डाग आणि ठिणगीचा डाग यांतला फरक कळणारच. बोट त्यांनी लगेच सोडलं नाही.

मग म्हणाले, "ती गाडी तशीच पडलीय. पोरीला चार तास बसने यावं लागतं. मला करायला हवी." थोडं थांबून, खालच्या आवाजात: "पण उद्याचं माझं काही सांगता येत नाही गं."

इतक्या दिवसांत ते एवढंच बोलले आहेत. मी सुई टोचून घेतली आणि रक्त आलं ते कापडाला पुसलं.

१९ एप्रिल, रविवार

उद्या सकाळी विचारणार आहे. आजच सगळं मांडून ठेवलं. सांध्यांवरचे जुने टाके गेटवाल्यांनी घासून काढून दिले आहेत, कडा स्वच्छ आहेत, आतला पाइप तसाच आहे. बाबांनी घातलेला. त्यानेच पक्कडला वर धरून ठेवलं. वायर कपाटातून काढून मशीनवर ठेवली. बाबांचं स्टूल उजवीकडे, त्यांना बघता येईल असं. दोनचा आणि सातचा पंच तेलाच्या फडक्याने पुसून त्या स्टुलावर ठेवले.

ट्रकची कधी एवढी भीती वाटली नव्हती.

ते नाही म्हणतील. होल्डर त्यांनी कधी कोणाच्या हातात दिला नाही. दुसऱ्याच्या सांध्यावर आपला नंबर ठोकणाऱ्याला कारखान्यात ते चोर म्हणायचे. आणि नाहीच म्हणाले तर मी भांडणार नाही. गाडी गेटवाल्यांकडे जाईल, पक्कड चालवेल, सगळं नीट होईल. तरीही विचारायचं आहे, आणि विचारताना घाबरून शब्द विसरले तर बघता यावेत म्हणून इथे लिहून ठेवते:

बाबा, वायर दुरुस्तीला गेली नव्हती, मी लपवली होती. होल्डर आज माझ्या हातात द्या. तुम्ही शेजारी बसा, काच लावा, आणि माझा हात घाई करायला लागला की ओरडा. नाही आवडला तर कापून टाका, मी पुन्हा भरेन. पण आवडला, थंड झाल्यावर अंगठा फिरवून बघितलात आणि आवडला, तर त्याच्या शेजारी एकदा सत्तावीस माराल?